माहुरझरीची छिन्नी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचं उभं आयुष्य फोर्ज शॉपच्या धगीत गेलं. त्यांच्या नावानं बोलायचं तर लोखंडाविषयीच बोलावं, असं मी संयोजकांना सांगितलं आणि त्यांनी ते लगेच मान्य केलं. या सभागृहातल्या बहुतेकांचं पोट लोखंडावर चालतं. कुणी ते तापवतं, कुणी ठोकतं, कुणी कातरतं, कुणी त्याचा हिशेब ठेवतं. तेव्हा लोखंड म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला मी उभा नाही. ते माणसाच्या हाती पहिल्यांदा कसं आलं, आपल्या महाराष्ट्रात कुठे आलं आणि ते घडवणारी माणसं कोण होती, एवढंच सांगायचं आहे. ज्या कसबावर भोसरीपासून चाकणपर्यंतचा हा पट्टा उभा आहे, ते कसब या राज्यात सुमारे पावणेतीन हजार वर्षं जुनं आहे, आणि ज्यांनी ते कमावलं त्यांना आपण अजून आपले पूर्वज म्हणून ओळखत नाही. आजचं माझं सगळं म्हणणं यात आलं.

लोखंड ही दुर्मीळ वस्तू नव्हे. पृथ्वीच्या कवचात शेकडा पाचाच्या आसपास लोहच आहे. आपल्या पायाखालच्या काळ्या कातळात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, ते त्याहूनही जास्त आहे. तरीही माणसानं आधी तांबं वापरलं, मग कासं, आणि लोखंड हजारो वर्षांनी. खनिजाचा तुटवडा हे त्याचं कारण नव्हतं. अडचण आगीची होती. तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं. चांगल्या भट्टीत फुंकणीनं किंवा भात्यानं तेवढी धग मिळवता येते, आणि वितळलेला धातू मळीपासून आपोआप वेगळा होऊन खाली बसतो. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश लागतात. प्राचीन भट्टीला ते जमणं शक्यच नव्हतं.

म्हणून माणसाच्या हाती आलेलं पहिलं लोखंड जमिनीतलं नव्हतंच, ते आकाशातून पडलेलं होतं. इजिप्तमध्ये गर्झा इथल्या दफनांत १९११ साली लोखंडाचे नऊ मणी सापडले. ते इ.स.पू. ३२००च्या आसपासचे आहेत आणि उल्केच्या लोखंडाचा पत्रा ठोकून, तो वळवून केलेले आहेत. तूतनखामेन या राजाच्या मांडीशी ठेवलेली कट्यारही उल्केच्या लोखंडाची आहे. २०१६ साली क्ष-किरणांनी तपासल्यावर तिच्यात निकेलचं प्रमाण शेकडा दहाच्या वर आढळलं, आणि इतकं निकेल खाणीतल्या खनिजापासून केलेल्या जुन्या लोखंडात सापडत नाही. आकाशातून पडणाऱ्या धातूवर राजाची कट्यार होते. शेतकऱ्याचा फाळ व्हायला मातीतून लोखंड काढता यावं लागतं.

ते कसं काढलं हे जरा सविस्तर सांगतो, कारण खरी करामत इथे आहे. लोहखनिज म्हणजे लोह आणि प्राणवायू यांचं संयुग. भट्टीत लाकडी कोळसा आणि खनिज यांचे थर एकावर एक द्यायचे आणि खालच्या तोटीतून भात्यानं वारा घालायचा. कोळसा अर्धवट जळतो, त्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो आणि तो खनिजातला प्राणवायू ओढून घेतो. हे सगळं बाराशे अंशांच्या आसपास घडतं. लोह वितळत नाही, पण खनिजातली वाळू-माती आणि थोडं लोह मिळून जी मळी होते ती मात्र याच तापमानाला पातळ होऊन वाहते. मागे उरतो तो मधाच्या पोळ्यासारखा लोखंडाचा गोळा, आत भोकंच भोकं आणि भोकांत मळी. तो लालभडक असतानाच ऐरणीवर घेऊन ठोकायचा. ठोकता ठोकता मळी ठिणग्यांबरोबर बाहेर उडते आणि लोखंडाचे कण एकमेकांना चिकटतात. पुन्हा तापवायचा, पुन्हा ठोकायचा. तांब्याच्या कामात घण उपयोगी पडतो, लोखंडाच्या कामात घणावाचून धातूच हाती येत नाही.

यात वारा कमी पडला तर धग पुरत नाही. जास्त झाला तर सुटं झालेलं लोह पुन्हा प्राणवायू धरतं आणि मळीत जातं. भट्टीत तापमापक नव्हता. ज्वाळेचा रंग, मळीचा प्रवाह, भात्याचा आवाज, एवढ्यावर हे सगळं चालायचं. तुमच्यापैकी जे हीट ट्रीटमेंटमध्ये आहेत त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल.

हे तंत्र कुठे जन्मलं? जुनी पुस्तकं आशिया मायनरमधल्या हित्ती लोकांचं नाव घेतात. पश्चिम आशियात इ.स.पू. १२०० नंतर लोखंड सर्रास दिसू लागतं, हे खरं. भारतात ते बाहेरून आलं असं बराच काळ मानलं गेलं. मॉर्टिमर व्हीलर यांच्यासारखा मोठा पुराविद त्याचा संबंध इराणी साम्राज्याशी, म्हणजे इ.स.पू. ५००च्या सुमाराशी जोडत होता. ते मत आता टिकत नाही. राकेश तिवारी यांनी पूर्व उत्तर प्रदेशात मल्हार, राजा नल का टीला या ठिकाणी केलेल्या उत्खननांनी तिथलं लोखंड इ.स.पू. १८०० ते १०००च्या दरम्यान नेलं. दिलीप चक्रवर्ती यांनी तर भारतात लोखंडाची सुरुवात स्वतंत्रपणे झाली असं आग्रहानं मांडलं. जानेवारी २०२५ मध्ये तामिळनाडू सरकारनं शिवगळै इथल्या दफनांच्या तारखा जाहीर केल्या, त्या इ.स.पू. ३३४५पर्यंत मागे जातात. माझं मत विचाराल तर या शेवटच्या आकड्यावर लगेच ढोल वाजवू नयेत. तारखा मिळाल्या त्या कोळशाच्या, भाताच्या दाण्यांच्या आणि मडक्यांच्या. त्या लोखंडालाही लागू आहेत हे आणखी काही ठिकाणांहून सिद्ध व्हायला हवं. पण लोखंड आपल्याकडे कुणीतरी आणून दिलं, ही समजूत मात्र आता सोडायलाच हवी.

आता आपल्या घराकडे वळू. चाकणहून उत्तरेला गेलं की घोड नदीचं खोरं लागतं. या खोऱ्यात चांडोली आणि खाली शिरूर तालुक्यात इनामगाव, ही ताम्रपाषाणयुगातली गावं डेक्कन कॉलेजनं उकरून काढली. इनामगावचं काम १९६८ ते १९८३ एवढा काळ चाललं. सांकळिया, ढवळीकर, अन्सारी ही माणसं त्यात होती. इ.स.पू. १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं तिथे वस्ती होती. त्यांची घरं, चुली, धान्याच्या कणग्या, लहान मुलांची मडक्यातली दफनं, सगळं आपल्याला ठाऊक आहे. त्यांच्याकडे तांबं होतं, पण जपून वापरावं इतकंच. रोजची कापाकापी गारगोटीच्या जातीच्या दगडांच्या पात्यांवर चाले. पाऊस घटत गेला तशी त्यांची ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या आणि शेवटी गाव ओस पडलं.

जवळजवळ त्याच काळात, पूर्वेला विदर्भात, भट्ट्या पेटलेल्या होत्या.

त्याआधी भोसरीचं नाव घेतो, कारण ते न घेता या सभागृहातून जाणं बरं नव्हे. एमआयडीसीचं भोसरी ज्या गावाच्या नावावर उभं राहिलं, त्या गावाजवळच्या मोठ्या शिळांच्या रचनांवर ह. धी. सांकळिया यांनी १९४०च्या सुमारास लेख लिहिला होता. म्हणून काही उत्साही मंडळी भोसरीला तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोहारांचं गाव म्हणतात. मला ते पटत नाही. तसं म्हणायला लोखंड हाती लागावं लागतं. विदर्भात ते लागलं आहे, आणि भरपूर लागलं आहे.

नागपूरच्या भोवती शिलावर्तुळं शेकड्यांनी आहेत. मोठमोठे दगड गोलाकार मांडलेले, मधे दगडगोट्यांची भर आणि तिच्याखाली दफन. जुनापाणीची वर्तुळं रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं १८६७ साली खणली. शास्त्रशुद्ध काम झालं ते शंभर वर्षांनी, शां. भा. देव यांच्या हातून. टाकळघाट आणि खापा, मग १९७० ते ७२ मध्ये माहुरझरी, आणि १९७८ ते ८० मध्ये अ. प्र. जामखेडकर यांच्या सोबतीनं नैकुंड. या वर्तुळांतून निघालेली यादी ऐकण्यासारखी आहे: कुऱ्हाडी, वाकस, छिन्न्या, कट्यारी, भाले, बाणांची टोकं, नख काढण्याची नराणी, तव्या-पळ्यांसारखी भांडी, घोड्याच्या तोंडातल्या लगामाच्या कड्या. माहुरझरीला घोडा माणसाबरोबर पुरलेला आहे, त्याच्या तोंडावर तांब्याचा साज आहे आणि जबड्यात लोखंड आहे. शोभेला तांबं आणि जिथे ताण येतो तिथे लोखंड. ज्याला आज आपण मटेरियल सिलेक्शन म्हणतो, त्याचा निकाल त्यांनी त्या घोड्याच्या तोंडावर लावून ठेवला आहे.

त्यांच्या कुऱ्हाडीकडे नीट पाहा. तिला नेढं नाही. पातं चपटं आहे आणि दांड्याला ते धरून ठेवण्यासाठी लोखंडी पट्ट्या एकमेकींवर तिरक्या गुंडाळल्या आहेत. जाड लोखंडात आरपार भोक पाडणं हे अवघड काम होतं. त्याऐवजी पातळ पट्टी तापवून ओढून बसवली, गार होताना ती आवळली. कल्पक माणसाचं काम आहे ते.

नैकुंड हे पारशिवनी तालुक्यात पेंच नदीकाठी आहे. इथली वस्ती इ.स.पू. ७००च्या आसपासची, आणि इथे लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. वळणदार भाजक्या विटांची, गोल, व्यास जेमतेम फूटभर. शेजारी भात्याच्या मातीच्या तोट्या, ज्यांची टोकं धगीनं काचेसारखी झालेली, आणि सुमारे ४० किलो मळी. खनिज जवळच्याच परिसरातलं. तुमच्या कारखान्यातल्या एखाद्या मोठ्या बादलीत मावेल एवढी ही भट्टी! पण त्या फूटभर पोकळीत बाराशे अंशांची धग टिकवली जात होती. आज चाकणच्या फोर्ज शॉपमध्ये क्रँकशाफ्टचा बिलेट हॅमरखाली घालण्याआधी जवळपास त्याच आकड्यापर्यंत तापवतात. इंडक्शन हीटरच्या पडद्यावर जो आकडा तुम्ही रोज वाचता, तो नैकुंडच्या माणसाला ज्वाळेच्या रंगावरून वाचता येत होता.

आणि आता ती छिन्नी. माहुरझरीला सापडलेल्या एका छिन्नीचा धातुशास्त्रीय अभ्यास थेट सूक्ष्मदर्शकाखाली झाला आणि २०१० साली 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. डेक्कन कॉलेजचे मोहंती आणि शिंदे त्याच्या लेखकांत आहेत. ती छिन्नी नुसत्या लोखंडाची नाही, पोलादाची आहे. लोखंड आणि पोलाद यांतला फरक तुम्हाला सांगायला नको, तरी विद्यार्थ्यांसाठी सांगतो. भट्टीतून निघालेलं ठोकीव लोखंड मऊ असतं, चांगल्या कास्याला ते मागे टाकू शकत नाही. त्यात शेकडा अर्धा-एक भाग कार्बन शिरला की त्याचं पोलाद होतं. कोळशाच्या निखाऱ्यात हवा न लागू देता ते तासन्‌तास तापत ठेवलं, की कार्बन पृष्ठभागातून आत शिरतो. असं पोलाद तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं. लोखंडानं कास्याला हरवलं ते इथे. म्हणून माहुरझरीच्या भाल्यांपेक्षा आणि कट्यारींपेक्षा मला ही छिन्नी मोलाची वाटते. ती हत्यारं घडवण्याचं अवजार आहे. टूलरूममध्ये काम करणाऱ्यांनी तिला आपल्या धंद्याची मूळमाता मानावी.

छिन्नीचा पुढचा प्रवास आपल्याला इथून तासाभराच्या वाटेवर पाहता येतो. भाजे, कार्ले, शेलारवाडी. भाज्याची लेणी इ.स.पू. दुसऱ्या शतकात सुरू झाली. कार्ल्याचं चैत्यगृह जवळपास १२४ फूट लांब आहे, अखंड बेसॉल्टमधून कोरलेलं. बेसॉल्टवर तांब्याची छिन्नी काहीच चालत नाही, मऊ लोखंडाचं टोकही काही घावांत बसतं. पाथरवटाशेजारी लोहार बसलेला असल्याशिवाय असं काम उभं राहत नाही: बोथट छिन्न्या गोळा करायच्या, तापवायच्या, टोक काढायचं, पाणी द्यायचं आणि परत पाठवायच्या, दिवसभर. लेण्यांच्या भिंतींवर तिरक्या टाकीचे घाव अजून दिसतात. दानशूरांची नावं तिथे कोरलेली आहेत. त्या छिन्न्यांना पाणी देणाऱ्यांचं काम बघायचं असेल तर नावांच्या भोवतालची भिंत वाचावी लागते.

हे ज्ञान पुढे लुप्त झालं असं मात्र नाही. महाबळेश्वरच्या पठारावर जांभ्यातलं खनिज गाळून लोखंड काढणारे धावड एकोणिसाव्या शतकापर्यंत होते. कोळशासाठी जंगल लागे; जंगल राखण्याचे सरकारी नियम आले आणि त्यांच्या भट्ट्या विझल्या. जंगल वाचलं हे चांगलंच झालं, पण त्या माणसांना दुसरं काय काम द्यायचं याचा विचार कुणी केला नाही. घिसाडी गाडीवर संसार घालून गावोगाव फिरत राहिले, विळे-खुरपी घडवत राहिले. बाई भाता ओढते किंवा घण घालते आणि पुरुष सांडशीत जॉब धरतो, हे दृश्य तुमच्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांनी आपापल्या गावच्या बाजारात पाहिलं आहे. पाणी देताना पात्याचा रंग गवती पिवळा धरायचा की निळा, हे त्या जोडप्याला पक्कं ठाऊक असतं. आयटीआयच्या पुस्तकात टेम्परिंगच्या रंगांचा जो तक्ता असतो, तोच हा. पण कारखाने आले तेव्हा या कसबाला दाखला नव्हता, म्हणून बहुतेकांना दारातूनच परत जावं लागलं. ही गोष्ट मला लागते.

मोठा उद्योगही याच विदर्भाच्या मातीतून डोकावला होता, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. नागपूरला १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू करणाऱ्या जमशेटजी टाटांच्या वाचनात १८८२ मध्ये फॉन श्वार्त्स या तज्ज्ञाचा अहवाल आला. चांदा जिल्ह्यात, लोहारा गावाजवळ उत्तम लोहखनिज आहे, असं त्यात म्हटलं होतं. पोलादाचा कारखाना त्यांच्या मनात तिथे रुजला. जवळच्या वरोऱ्याचा कोळसा तपासला तर तो कामाचा निघाला नाही आणि बेत राहिला. पुढे प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंजचं खनिज दाखवलं, साकचीला कारखाना झाला आणि १९१२ साली पोलाद बाहेर पडलं. खनिज असून आग जुळली नाही म्हणून महाराष्ट्राचं पोलाद हुकलं. अडीच हजार वर्षांनीही प्रश्न तोच होता.

पण लोखंड घडवण्याचं काम आपल्याकडे राहिलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १९०३ साली लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडानं जमीन नासेल अशी शेतकऱ्यांची भीती होती. १९१०मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि ती भीती हळूहळू गेली. १९६२ला एमआयडीसी झाली, १९६६ला टेल्को इथे आली, मग आकुर्डी, भोसरी, आणि शतक बदलताना चाकण. पुढचं तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता, कारण ते तुम्हीच घडवलं.

शेवटी एक मागणं आहे, आणि ते मी मनापासून मागतो. विदर्भाच्या शिलावर्तुळांतून निघालेल्या लोखंडी वस्तूंपैकी मोजक्याच वस्तूंची धातुपरीक्षा आजवर झाली आहे. बाकीच्या गंजत आहेत, आणि गंज थांबत नसतो. नागपूरच्या आसपास खडीच्या खाणी आणि प्लॉटिंग यांच्यापुढे वर्तुळंही टिकत नाहीत. या पट्ट्यात मेटलर्जिकल मायक्रोस्कोप, स्पेक्ट्रोमीटर, कडकपणा मोजणारी यंत्रं शेकडो कारखान्यांच्या प्रयोगशाळांत आहेत, आणि ती चालवणारी अनुभवी माणसं आज माझ्यासमोर बसली आहेत. डेक्कन कॉलेज येरवड्याला आहे, फार लांब नाही. उद्योजकांनी आपल्या प्रयोगशाळेचे महिन्यातले काही तास या वस्तूंसाठी द्यावेत. निवृत्त झालेल्या मेटलर्जिस्टनी आणि हीट ट्रीटमेंटच्या फोरमननी तिथल्या अभ्यासकांना जाऊन भेटावं. मळीचा तुकडा पाहून भट्टीत काय चुकलं हे तुमच्याइतकं कुणाला सांगता येणार नाही. आणि इथल्या शाळांनी सहलीच्या यादीत कार्ल्याबरोबर डेक्कन कॉलेजचं संग्रहालय घालावं. यातलं पहिलं काम या वर्षीच सुरू करावं, अशी माझी या व्याख्यानमालेच्या संयोजकांना विनंती आहे.